कंबरदुखी निम्मी बरी

मी रबराचा माणूस बोलतोय. लातुरात शिकवणी वर्गांच्या गल्लीत, अ‍ॅक्युपंक्चरवाल्या डॉ. अजहर यांच्या टेबलावर उभा असतो. अंगभर काळी टिंबं. कुठल्या दुखण्याला सुई कुठं टोचायची, ते माझ्याकडं बघून कळतं. अंगावर चिंधीही नाही.

सरजाबाई पहिल्यांदा आल्या त्या सुनेच्या, सुकन्याच्या, खांद्यावर रेलून. मला बघून म्हणाल्या, "याला आधी चड्डी शिवा."

भूकंपात त्यांच्या पाठीवर भिंत पडली होती. त्याला दहा-बारा वर्षं झाली, पण कंबर धरलेलीच. गोळ्या झाल्या, पट्टे झाले, एका बाबाची लाथसुद्धा खाऊन झाली. नातीच्या शिकवणीसाठी सुकन्यानं लातुरात खोली केली, तेव्हा ही कंबरही शहरात आली.

पहिल्या खेपेला काही फरक पडला नाही. सरजाबाईंनी डॉक्टरांना दोन शिव्या हासडल्या आणि पुढच्या आठवड्यात परत आल्या. महिना-दीड महिन्यानं त्या खाली बसून भाकरी थापायला लागल्या.

डॉक्टर हरखले. समोरच्या क्लासच्या पाटीवर 'शंभर टक्के निकाल' होतंच.

"मावशी, तुमचा फोटो पाटीवर लावतो. 'कंबरदुखी मुळापासून नष्ट'."

"खोटं लिवू नका. निम्मी हाय अजून."

"आणखी सुया लावू. तीही जाईल."

"न्हाई जायची. माझी शेवंता त्या रात्री माझ्या पाठीला लागून निजली होती. मला काढलं, ती न्हाई निघाली. उरलेली निम्मी तिची हाय. तिला टोचू नका."

सुकन्याला नणंदेचं नाव तेवढं ठाऊक होतं. तिनं सासूचा पदर सारखा केला. डॉक्टरांनी सुई परत डबीत ठेवली.

नवी पाटी लागली : 'सुयांनी दुखणं कमी होतं. काहींचं निम्मं. काहींचं होत नाही.' अख्खी गल्ली हसली. क्लासचे श्रीमंत सर मुद्दाम येऊन म्हणाले, "अशानं दवाखाना बसतो, डॉक्टर."

बसलाच, थोडे दिवस. मग इतर ठिकाणी मुळापासून बरे झालेले लोक कण्हत यायला लागले.

आता माझं रबर चिरलंय. पोटावरची टिंबं पुसलीत, तेव्हा पोटदुखीवाल्यांनी माझ्या भरवशावर राहू नये. बाकीच्यांनी जरूर या. फक्त 'पूर्ण जाईल ना?' असं विचारू नका. डॉक्टर खरं सांगतील, आणि राग तुम्ही माझ्यावर काढाल.