कडेवरची माकूळ

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. पण खिडकीला टांगतात तसला नव्हे. मी बोटीवरचा काचेचा पडदा, पाण्याखालचे मासे दाखवणारा. बंदरावरचे लोक मला मासेशोधक म्हणतात. आमच्या वहिनी चिडल्या की नुसता ‘डबा’ म्हणत.

एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. माझ्या तारेच्या टोकाला एक गोल बोंड असते. ते बोटीच्या तळाला, पाण्यात बसवतात. ते खाली आवाज सोडते, तो कशावर तरी आदळून परत येतो, आणि काय परत आले ते मी काचेवर रंगवून दाखवतो. कारखान्यातल्या तपासनीसाने मला पाण्याच्या टाकीवर बसवले आणि फसवण्यासाठी आत कधी वीट सोडली, कधी फुगा, तर कधी स्वतःचा बूट. तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. समोर दिसते ते तसेच असेल, असे मला आजवर कधी वाटलेले नाही.

मी ज्या बोटीवर आलो ती दोघा भावांची होती. थोरला भाऊ आजारपणात गेला आणि त्याच्या बायकोने सुकाणू हाती घेतले. नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षे समुद्रावर जाऊन तिला सगळे येत होते. धाकटा भाऊ मागच्या बाजूला गळ, दोर आणि काठ्या सांभाळी. ती त्याला भाऊजी म्हणे, तो तिला वहिनी. म्हणून माझ्याही त्या वहिनी आणि ते भाऊजी.

आमची बोट हौशी पाहुण्यांना मार्लिन धरायला दूर समुद्रात नेई. मार्लिन म्हणजे भाल्यासारख्या चोचीचा, माणसाहून मोठा, बहुधा एकटा फिरणारा मासा. पाहुण्याने तो बोटीपर्यंत ओढून आणायचा, फोटो काढायचा आणि भाऊजींनी गळ सोडवून त्याला परत पाण्यात जाऊ द्यायचे, असा आमचा रिवाज. वाटेत गळाला लागलेले कुपे, म्हणजे ट्यूना मासे, मात्र आम्ही खायला घरी आणत असू.

आता एवढ्या अफाट पाण्यात एकटा मासा सापडावा कसा? वहिनी मार्लिन शोधतच नसत. त्या त्याचे जेवण शोधत. पाण्यातून उडते मासे फुर्रकन उठले, पाखरे एकाच जागी सूर मारू लागली, की त्या तिकडे बोट वळवत आणि माझ्याकडे बघत. तारल्यांचा किंवा बांगड्यांचा थवा सैल पसरलेला दिसला की म्हणत, “हे निवांत आहेत. यांच्या मागे कोणी नाही.” पण तोच थवा चेंडूसारखा घट्ट झाला आणि वर वर ढकलला जाऊ लागला, की त्यांचा आवाज बदले.

“भाऊजी, हे भ्यालेत. खाली कोणीतरी आहे.”

माकळीचे, म्हणजे त्या लांब सोंडांच्या स्क्विडचे, प्रकरण अवघड होते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावरून आवाज खणखणीत परत येतो. माकळीला ती पिशवी नसते. तिचे अंग मऊ, त्यामुळे माझ्या काचेवर ती फुंकर मारल्यासारखी पुसट उमटे. मला तर तो आमच्याच बोटीच्या पंख्याने उठवलेला बुडबुडा वाटे. पण जिथे समुद्राचा तळ एकदम तुटून खोल दरीत उतरतो, त्या कडेवर असा पुसट धूर दिसला की वहिनी तिथेच घिरट्या घालत. माकळीसाठी मार्लिन तिथे येई. पाहुण्यांची काठी वाकली की रीळ किंचाळत सुटे, आणि माझ्या काचेवर कोणीतरी कौतुकाने टिचकी मारी. ते दिवस फार चांगले होते.

मग एका हंगामात पांढरी बोट आली.

तिचा कप्तान उंच, सडपातळ, मान लांब. धक्क्यावर तासन् तास एकाच जागी उभा राही, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. आम्ही दरीच्या कडेवर पोचलो की काही वेळाने क्षितिजावर पांढरा ठिपका दिसे. आम्ही तारल्यांच्या उथळ पट्ट्यावर गेलो, तर दुसऱ्या दिवशी तो तिथे. आम्ही पुन्हा कडेवर, तर पुढच्या दिवशी तोही कडेवर. आम्ही कधी लांबच्या वाटेने वळसा घालून गेलो, तरी तो हजर. त्याच्या बोटीच्या घरघराटाने माकूळ खोल जाई, आणि आमचे पाहुणे रिकाम्या हातांनी परतत. आधी दोन पाहुण्यांनी ठरलेली फेरी मोडली. मग दरवर्षी येणारे एक शिक्षक दांपत्य पांढऱ्या बोटीवर चढताना दिसले.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” वहिनी म्हणाल्या.

भाऊजींनी घाबरून तळाची फळी उचलून पाहिली. वहिनींना तसले पाणी म्हणायचे नव्हते. त्या हसल्या नाहीत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आधी त्यांनी पाहुण्यांवर संशय घेतला. फोनवर बोलणाऱ्याकडे त्या टक लावून बघत. मग डिझेल भरणाऱ्यावर. मग बर्फवाल्यावर, कारण तो फार गोड बोलत असे. शेवटी तो संशय फिरत फिरत बोटीच्या मागच्या टोकाला, भाऊजींपाशी येऊन बसला. एका संध्याकाळी भाऊजी धक्क्यावर बगळ्याशी हसून बोलताना त्यांना दिसले होते, एवढेच निमित्त.

त्यांनी विचारले काहीच नाही. फक्त पाहू लागल्या. भाऊजींनी जेवणाचा डबा उघडला तरी पाहायच्या, खिशात हात घातला तरी पाहायच्या. आपण कुठे जाणार हे सांगेनाशा झाल्या. भाऊजी जवळ आले की माझ्यावर तळहात ठेवून काच झाकत. भाऊजी वळून मागे आपल्या दोरांकडे जात.

एके सकाळी धक्क्यावर पाहुण्यांच्या देखत त्या म्हणाल्या, “भाऊजी, आजपासून तुम्ही येऊ नका.”

“मला बरं नाहीये, असं वाटतंय का तुम्हाला?” भाऊजींनी भाबडेपणाने विचारले.

“मला काय वाटतंय ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. त्या बगळ्याला विचारा.”

भाऊजींचा चेहरा पडला. हातातली दोराची गुंडाळी त्यांनी नीट खुंटीला अडकवली, वाकडी राहिली होती ती सरळ केली, आणि ते निघून गेले. आजूबाजूच्या बोटींवरच्या सगळ्यांनी ऐकले. बंदरावर अशी गोष्ट दुपारपर्यंत प्रत्येक घरात पोचते.

पुढच्या फेरीला वहिनी दरीच्या कडेवर पोचल्या. पांढरा ठिपका दिसला. त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि माझ्याकडे वळल्या.

“म्हणजे तू! तू खाली आवाज सोडतोस, आणि तो बगळा तिकडे ऐकतो!”

मला मोठे नवल वाटले. आजवर मी सगळ्या जगावर संशय घेतला होता. माझ्यावर कोणी संशय घेण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी माझे बटण बंद केले आणि वर तेलकट फडके टाकले. फडक्याला एक भोक होते, म्हणून पुढचे मी पाहू शकलो.

त्या दिवशी पाहुणे म्हणून एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बहीण आली होती. मागे गळ सांभाळायला कोणीच नव्हते. वहिनी सुकाणूवरून ओरडून सूचना देत होत्या. नशिबाने मार्लिन लागला, आणि भलाथोरला. डॉक्टरांनी घामाघूम होत त्याला बोटीजवळ आणला. शेवटचा जाड दोर हाताने धरायचा असतो आणि तो कधीही मनगटाभोवती अडकू द्यायचा नसतो. हे काम भाऊजींचे. डॉक्टरांनी उत्साहाच्या भरात तो दोर धरला, आणि माशाने एकदम खाली बुडी मारली. दोराचा वेढा त्यांच्या मनगटात रुतला. ते कठड्यावर पोटावर आदळले. बहिणीने त्यांचा पट्टा धरला आणि जिवाच्या आकांताने ओरडू लागली.

वहिनींनी सुकाणू सोडले, सुरी घेतली आणि धावल्या. डॉक्टरांचे मनगट आणि पाणी यांच्यामध्ये वीतभर दोर उरला होता, तिथे त्यांनी तो कापला. मार्लिन गेला. डॉक्टर मागे कोसळले, मनगटातून रक्त वाहत होते. तेवढ्यात बोट लाटांना आडवी झाली आणि मागच्या बाजूने पाणी आत आले. वहिनी एका हाताने डॉक्टरांचे मनगट दाबून बसल्या होत्या. सुकाणू दोन ढांगांवर होते, पण उठता येत नव्हते.

पांढरी बोट तोवर अगदी जवळ आली होती. बगळा आमच्या बोटीवर उडी मारून आला, त्याने सुकाणू फिरवून बोट लाटेसमोर उभी केली, पाणी उपसण्याचा पंप चालू केला, आणि मग आपल्या खिशातला रुमाल काढून वहिनींना दिला. डॉक्टरांचा हात घट्ट बांधून झाला. बोटे हलत होती. बहीण रडायची थांबली.

आभार मानण्याऐवजी वहिनींनी विचारले, “कोणी सांगितलं तुम्हाला, आम्ही इथे येतो ते?”

“तुम्हीच,” बगळा म्हणाला.

“मी?”

“रोज संध्याकाळी धक्क्यावरच्या दगडी ओट्यावर तुम्ही कुपे साफ करता. पोटं फाडून बाजूला टाकता. मी तिथे उभा असतो, बघतो. पोटात तारल्या निघाल्या तर उथळ पट्टा. लालसर माकूळ निघाली तर ही कड. इतकी जवळ दुसरीकडे कुठे ती मिळत नाही. आणि साल न सुटलेली, ताजी असेल, तर सकाळीच खाल्लेली. कुप्याला जे आवडतं तेच मार्लिनला. मग दुसऱ्या दिवशी मी येतो.”

वहिनींनी आपल्या हातांकडे पाहिले. ओटा त्यांचा, सुरी त्यांची, हात त्यांचे.

“आणि माझे भाऊजी? तुमच्याशी काय बोलत होते?”

“ते? माझ्या रिळाचा दात तुटला होता. कुठे दुरुस्त होईल, एवढं विचारलं. तुमच्या जागेबद्दल एकदा विचारून पाहिलं होतं मी. हसले आणि म्हणाले, ‘वहिनींना विचारा, त्या चहा देतील, जागा सांगणार नाहीत.’”

डॉक्टरांना दवाखान्यात पोचवून वहिनी घरी गेल्याच नाहीत. माझ्यावरचे फडके काढून त्यांनी मला खोक्यासकट सोडवले, पिशवीत घातले, आणि त्या थेट भाऊजींच्या दारी गेल्या. का, ते त्यांनाच ठाऊक. बहुधा हातात काहीतरी असावे असे वाटले असेल. दार भाऊजींच्या बायकोने उघडले. तिने ‘या’ म्हटले नाही, नुसती बाजूला झाली.

भाऊजी स्वयंपाकघरात मंद उजेडात कांदे सोलत होते. इतकी वर्षे गळ बांधणारी ती बोटे कांद्याची साले काढताना पाहून मला कसेसेच झाले.

“भाऊजी, चुकले मी,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी कुप्यांची, ओट्याची, बगळ्याची सगळी हकीकत सांगितली.

भाऊजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, “वहिनी, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलंच नाही. नुसतं पाहत राहिलात.”

ते लगेच परतले नाहीत. वहिनींनी मजुरीवर एक माणूस घेऊन कशीबशी कामे चालू ठेवली, आणि कुपे बोटीवरच साफ करून आतडी समुद्रातच टाकू लागल्या. हंगाम सरत आला तेव्हा एका सकाळी भाऊजी आपणहून धक्क्यावर आले. बोटीवर चढले, ओल्या मऊ कापडाने माझी काच पुसली आणि म्हणाले, “मीठ चढलंय किती!” वहिनींनी इंजिन चालू केले. त्या दिवशी जाताना, कोणी न विचारता, त्यांनी मोठ्याने सांगितले, “आज कडेवर जाऊ या, भाऊजी. माकूळ वर आली असेल.”

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर मला बरे वाटले असते. पण माझा संशयी स्वभाव मला अर्धवट सांगू देत नाही. भाऊजींनी माफ केले. त्यांच्या बायकोने केले नाही. ते घरी बसले होते तेव्हा ती भाजी आणायला गेली की दुकानातल्या बायका बोलायच्या थांबत. तिच्या नवऱ्याने काही केले नव्हते आणि तिने तर नाहीच नाही. पण बंदरावर घातलेला तो आळ तिलाही डोक्यावर घेऊन फिरावे लागले. वहिनी सणवार नसला तरी तिच्याकडे जातात, चहा घेतात. चहा मिळतो. बोलणे मिळत नाही.

आता माझी काच धुरकट झाली आहे. बोटीवर नवा रंगीत पडदा आला आहे आणि मी भाऊजींच्या घरी, खिडकीच्या फळीवर असतो. रोज सकाळी त्यांची बायको फळी पुसते. मला उचलते, खाली पुसते, आणि पुन्हा जागेवर ठेवते. तीच आता माझी काळजी घेते.

म्हणून माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. माझ्यासारख्या यंत्रावर खुशाल संशय घ्या. बटण दाबा, तार तपासा, उघडून बघा, आम्हाला लागत नाही. पण माणसावर संशय आला तर त्याला बाजूला घेऊन, चार लोकांच्या देखत नव्हे, आधी विचारा. नाहीतर एक दिवस तुम्ही एका दारात उभे राहाल, आत चहाचे पाणी उकळत असेल, आणि दार उघडणारी बाई तुमच्याकडे न बघता बाजूला होईल.