सहावा फाउल

शिट्टी वाजली तेव्हा ऑरविल पेटिग्रूचे दोन्ही हात वर होते. तरी पंचाचं बोट त्याच्याकडेच वळलं. प्रतिस्पर्धी संघाचा हुकमी खेळाडू व्हॉन जमिनीवर पडून कोपर चोळत होता.

हा पाचवा फाउल. सहावा झाला की बाहेर.

टोलीडोच्या बास्केटबॉल संघात ऑरविल दहा दिवसांच्या करारावर होता आणि आजचा दिवस दहावा. त्याला ठेवायचं की नाही, ते सामन्यानंतर ठरणार होतं. वय एकतीस, दुसरं कुणी बोलावणार नव्हतं. त्याला काम एकच दिलेलं : व्हॉनला अडवायचं.

पाचव्या फाउलनंतर त्याला थोडा वेळ बाकावर बसवलं. शेजारी बसलेला सहकारी ड्यूप्री म्हणाला, "काका, वारा लागला तरी पडतो हा. नाटकात जायला हवा होता."

"चाळीस गुण करू दे रे. माझ्यापेक्षा चांगला आहेच तो," ऑरविल म्हणाला. "पण स्वतःचा हात माझ्या हातात अडकवतो, वर ओरडतो, आणि लबाड मी ठरतो. ते नाही सोसत."

व्हॉन पडला की त्याच्याविरुद्ध खेळणारं कुणी त्याला उठवायला हात देत नसे. इतरांना देत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

ऑरविलने त्याचे जुने सामने पुन्हा पुन्हा पाहिले होते. चेंडू फेकण्याआधी व्हॉनची नजर बास्केटकडे नव्हे, अडवणाऱ्याच्या मनगटाकडे जाते. म्हणून ऑरविलने मानेमागे टॉवेल दोन्ही हातांनी धरून नुसत्या पायांनी अडवायचा सराव केला होता. परत मैदानात उतरल्यावर तो तसाच, हात आखडून खेळला. अडकवायला हात न सापडल्याने व्हॉन सलग पाच वेळा चुकला.

दोन मिनिटं उरली. गुण सारखे. व्हॉन वळला आणि घामाच्या ओलीवर त्याचा पाय सरकला. गुडघा आत वळताना ऑरविलला दिसला. बाविसाव्या वर्षी त्याचा स्वतःचा गुडघा असाच गेला होता. त्याने व्हॉनला कमरेला धरून सावरलं.

शिट्टी.

"अहो, घसरला तो! विचारा त्यालाच."

पंचाने व्हॉनकडे पाहिलं. व्हॉनने आधी त्या ओलीकडे पाहिलं, मग गुणफलकाकडे.

"धरलं मला," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

बाहेर जाणाऱ्या ऑरविलला त्याने हळूच विचारलं, "का धरलंस?"

"पडत होतास."

"मी रोजच पडतो."

दोघंही हसले नाहीत.

टोलीडो दोन गुणांनी हरलं. कपडे बदलायच्या खोलीत संघाच्या व्यवस्थापकांनी ऑरविलच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "पाय छान चालले तुझे," आणि कराराचं काही न बोलता निघून गेले.

इतरांच्या कपाटांवर पितळी पाट्या होत्या. ऑरविलचं नाव घोट्याला बांधायच्या पांढऱ्या पट्टीवर शाईने लिहिलेलं होतं. कपाटाचा रंग निघू नये म्हणून ती त्याने एका कोपऱ्यापासून सावकाश सोडवली. मग मागे राहिलेला डिंक नखाने खरवडत बसला.