पल्याडच्या लोकांचा टोप

मी टोप बोलतोय. टोप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पाणी तापवायचं पातेलं आलं असेल, तर ते आधी खाली उतरवा बघू. मी डोक्यावर घालायचा टोप आहे. पिसांचा. खानदानी. निदान बरीच वर्षं माझी तशी समजूत होती.

माझा जन्म नदीकाठच्या एका शिंप्याच्या दुकानात झाला. शिंपीकाका नाटकवाल्यांचे आणि बँडवाल्यांचे कपडे शिवायचे. एक दिवस शेजारच्या शाळेचे हेडसर धापा टाकत आत आले.

"काका, शाळेत विविधता दिन आहे. नदीपलीकडच्या लोकांचा टोप हवाय. अगदी पारंपरिक."

"कसा असतो तो?" काकांनी विचारलं.

"मी कुठे पाहिलाय? असेल काहीतरी. पिसंबिसं लावा. आणि भडक करा, शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे."

झालं! बँडवाल्याच्या जुन्या टोपीचा सांगाडा, पडद्याच्या कड्या, आणि घरातल्या धूळ झटकायच्या झाडूची पिसं. काकू पुढे कितीतरी दिवस तो झाडू शोधत होत्या आणि शेजारणीवर संशय घेत होत्या. काकांनी माझ्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी शिवली आणि तिच्यावर लिहिलं, 'पल्याडच्या लोकांचा टोप'.

नदीच्या त्या काठाला जे कोणी राहतात, त्यांना आमच्या गावात सरसकट पल्याडचे म्हणायचे. त्यांना स्वतःचं नाव होतं, स्वतःची भाषा होती, पण विचारतंय कोण? 'पल्याडचे' म्हटलं की काम भागायचं.

दरवर्षी विविधता दिन आला की माझी चंगळ. पी.टी.चे सर मला घालून स्टेजवर "हुर्र! हुर्र!" करत उड्या मारायचे. ही पल्याडची भाषा आहे, असं ते छातीठोकपणे सांगायचे. मला ते कोंबड्या हाकलल्यासारखं वाटायचं, पण टाळ्या पडत होत्या, मग आपण कशाला बोला? पाहुणे "वा! काय संस्कृती आहे!" म्हणाले, की मी फुलून जायचो. मग उरलेलं वर्ष खडूंच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी.

अशात शाळेत नव्या बाई आल्या. पहिलीला शिकवायला. त्या रोज पूल ओलांडून यायच्या, म्हणजे खुद्द पल्याडच्या! मला वाटलं, आता माझी खरी कदर होणार. बाईंनी खडूसाठी कपाट उघडलं, मला बाहेर काढलं, पट्टी वाचली.

"हे आमचं?" त्या म्हणाल्या. उलटसुलट करून पाहिलं, एक सणसणीत शिंक दिली आणि मला परत कपाटात कोंबलं. अपमान म्हणजे किती अपमान!

पण बाईंना माझ्याकडे बघायला सवड नव्हती. पहिलीत पल्याडची मुलं बरीच होती आणि वर्गात ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. दरवर्षी असंच व्हायचं. अर्धं वर्ष सरलं की त्यांची बाकं रिकामी.

"मठ्ठ आहेत हो ती," हेडसर म्हणायचे. "बोलतच नाहीत."

"सर, तिकडे घरी ती बडबडून माझं डोकं उठवतात. त्यांना इथली भाषाच कळत नाही," बाई म्हणाल्या. "रोज एक तास मला आमच्या भाषेत शिकवू द्या. नाहीतर यंदाची पोरंसुद्धा शाळा सोडतील."

"अहो, त्यांच्यासाठी आपण एवढा विविधता दिन करतो, ते काय कमी आहे?"

बाई रोज विचारायच्या आणि हेडसर रोज टोलवायचे. शेवटी हेडसरांना एक कल्पना सुचली. विविधता दिनाला शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते. "तुम्ही स्वतः टोप घालून स्टेजवर या," ते म्हणाले. "अस्सल माणूस, अस्सल टोप! साहेब खूश झाले की तुमच्या तासाचं मी बोलतो."

बाईंनी ओठ चावला. "त्या तासासाठी मी झाडूसुद्धा डोक्यावर घ्यायला तयार आहे," त्या म्हणाल्या. आता हे त्या नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाल्या, की त्यांना कळलं होतं, देव जाणे.

तो दिवस उजाडला. सभागृह खचाखच भरलेलं. हेडसर साहेबांना सांगत होते, "पहिलीतली पल्याडची मुलं फार शांत आहेत, साहेब. एक शब्द काढत नाहीत." पी.टी.च्या सरांनी माईक घेतला, "आता आपल्या पल्याडच्या भगिनी..." आणि बाई स्टेजवर आल्या. मी डोक्यावर. बाई मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांचे कान गरम झालेले मला जाणवत होते. खरं सांगतो, इतकी डोकी पाहिली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणाच्या डोक्यावर बसायची लाज वाटली.

तेवढ्यात प्रेक्षकांतून बाईंची आत्या उठली. भाचीचं कौतुक बघायला ती मुद्दाम पूल ओलांडून आली होती. ती आपल्या भाषेत ओरडली (आता मला ती भाषा येते, म्हणून सांगतो), "अगं पोरी, डोक्यावर कोंबडी कुठून बसवून घेतलीस?"

पहिलीची पोरं फस्सकन हसली.

"कोंबडी नाही, कोंबडा आहे!" एक चिमुरडी ओरडली.

"बाई, अंडं घातलंय का बघा!" दुसरी.

मग काय विचारता! जो तो बोलायला लागला. बाईंना हसू आवरेना. हसता हसता मी त्यांच्या नाकावर घसरलो, तिथून जमिनीवर आपटलो आणि माझी पिसं साहेबांच्या पायापर्यंत उडाली. त्याच वेळी मागच्या रांगेतून शिंपीकाकू किंचाळल्या, "अगं बाई! हा तर माझा झाडू!"

माझं पितळ असं भर सभेत उघडं पडलं.

"मुलं काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

हेडसरांनी घाम पुसला. "ते... स्वागत करतायत, साहेब."

"ही तीच ना, एक शब्द न काढणारी?"

हेडसर छताकडे बघायला लागले. बाईंनी मात्र संधी सोडली नाही. स्टेजवरूनच म्हणाल्या, "साहेब, या भाषेत मला रोज एक तास द्या. मग बघा किती बोलतात ते."

साहेब आत्याबाईंकडे वळले. "आजी, तुम्ही पल्याडच्या ना?"

"छे हो!" आत्याबाई मोडक्यातोडक्या गावच्या बोलीत म्हणाल्या. "आम्ही अल्याडचे. पल्याडचे तुम्ही! माझ्या उंबऱ्यात बसलं की नदीच्या पल्याड तुमचं गाव दिसतं. आणि आम्हाला नाव आहे. विचारा तरी कधी."

साहेबांनी विचारलं. आत्याबाईंनी सांगितलं. हेडसरांना ते काही केल्या उच्चारता येईना, तेव्हा पहिलीच्या पोरांनी त्यांच्याकडून घोकून घेतलं. बाईंना तास मिळाला. त्या वर्षी एकही बाक रिकामं झालं नाही.

हेडसर मला कचऱ्यात टाकायला निघाले होते, पण बाईंनी उचलून पिशवीत घातलं. अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा पूल ओलांडला. इथे तर कुणाच्याच डोक्यावर टोप नाही! मी मनातून खचलो. आता आपलं कोण, असं वाटून रडू आलं.

मग एकदा इथल्या पोरांनी नाटक बसवलं. नाटकात शाळा होती, हेडसर होते, साहेब होते. गावातली माणसं दाखवायची म्हणजे काय घालायचं, यावर पोरं अडली.

"त्यांचा टोप आहे की आपल्याकडे," आत्याबाई म्हणाल्या. "दरवर्षी तो घालून उड्या मारतात म्हणे ते. त्यांचा सणच असतो तो."

तेव्हापासून नाटकातल्या हेडसरांच्या डोक्यावर मीच. आतली पट्टी तशीच आहे, 'पल्याडच्या लोकांचा टोप'. अहो, एक अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही!

आता पिसं फार गळलीत, कड्या गंजल्यात. किती दिवस निघतील सांगता येत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी पूल ओलांडून इकडे आलात, तर या लोकांना त्यांचं नाव विचारा. मी सांगणार नाही, त्यांच्याच तोंडून ऐका. आणि तुम्हाला बघून एखादं पोर "हुर्र! हुर्र!" करत उड्या मारायला लागलं, तर रागावू नका हं. बिचारं तुमच्या भाषेत तुमचं स्वागत करतंय.