बिनबीटीची साडी

मयुरीला लग्नाची साडी पांढरीच हवी होती, आणि त्यात नवल काही नव्हतं. अमडापुरात त्यांच्या वस्तीतल्या सगळ्या नवऱ्या पांढऱ्याच साडीत बुद्धाच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या होत्या. नवल होतं ते तिच्या पुढच्या अटींचं. साडी सुती हवी. कापूस फवारणी न केलेल्या शेतातला हवा. वेचणाऱ्या बाईला तिचा पुरता दाम मिळालेला हवा.

"तुले साडी पायजे का नवरदेव पायजे?" चांगुणाबाईनं, तिच्या आईनं, विचारलं.

"नवरदेवाचं सोपं होतं," मयुरी म्हणाली. "त्याला सगळं विचारता आलं."

नवरदेवाला, धम्मरत्नला, हे कळलं तेव्हा तो खूप हसला. पण चांगुणाबाई हसली नाही. पोरगी हे कोणासाठी करते आहे ते तिला ठाऊक होतं. तिनं स्वतः अर्धं आयुष्य लोकांच्या शेतात कापूस वेचला होता. एका वर्षी मालकानं काल फवारलेल्या रानात आज वेचणीला बाया घातल्या, आणि चांगुणाबाईचे डोळे सुजून बंद झाले. तेव्हा मयुरी लहान होती. आईला हाताला धरून परसात नेण्याचं काम तिच्याकडे होतं.

आता ती अकोल्यात एका बियाण्यांच्या प्रयोगशाळेत होती. बोंडअळीचं वर्ष होतं ते. पेपरात रोज फवारणीच्या विषबाधेच्या बातम्या येत होत्या, आणि प्रयोगशाळेत रोज कपाशीचे नमुने. तिथल्याच एका सहकारी बाईच्या अंगात तिनं 'वेचणी'चा कुडता पाहिला. आतल्या शिवणीला बोटभर लेबल होतं: 'बिनबीटी, बिनफवारणी. वडनेर भोलजीच्या पुंजाजींच्या शेतातला कापूस.' कपड्यावर शेतकऱ्याचं नाव तिनं पहिल्यांदाच वाचलं. डिसेंबरातल्या एका रविवारी ती मलकापूरला उतरली.

'वेचणी' म्हणजे कापूस बाजारामागच्या गल्लीतली एक माडी, तीन शिलाई मशिनी आणि सायराआपा. सायराआपा पन्नाशीची, उंच, बोलकी. पुंजाजींचा कापूस ती स्वतः आणायची, वेगळी रुई काढून घ्यायची, वर्ध्याकडच्या ओळखीच्या विणकरांकडून कापड करून घ्यायची, आणि मोहल्ल्यातल्या बायका ते शिवायच्या.

साडी बाहेर निघाली तशी मयुरी पुढं सरकली. न रंगवलेली, दुधावरच्या सायीसारखी. काठाला पांढऱ्यावर पांढरी वेल.

"ही उमैमानं भरली," सायरा म्हणाली. मशिनीवरच्या तरण्या पोरीनं मान वर न करता सलाम केला. "बौद्धांच्या लग्नाच्या साड्या आम्ही दरसाल करतो, ताई. रंग भरायचा नाही हे हिला दोनदा सांगावं लागते, बस."

"पांढऱ्यावर पांढरं भरून डोळे जातात माझे," उमैमा म्हणाली. "एखादं गुलाबी फूल टाकलं तर काय लग्न मोडते का?"

मयुरी हसली. साडी तिनं मनातल्या मनात घेऊनच टाकली होती. पण सायराची एक रीत होती: लग्नाचा कपडा घेणाऱ्या गिऱ्हाइकानं एकदा शेत पाहायचं, ओंजळभर कापूस स्वतः वेचायचा. "ज्याचं अंगावर घालता त्याचं दार तरी पाहा," असं ती म्हणायची. तिचा भाऊ अकरम त्या दुपारी छोटा हत्ती टेम्पो घेऊन वडनेरला कापूस भरायला निघालाच होता. तिघंही पुढं दाटीवाटीनं बसली.

पुंजाजी बांधावर वाट पाहत उभे होते. बायको रुख्मिणी कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस घेऊन ओळीतून बाहेर आली.

"ये पोरी. हे आमचं रान," पुंजाजी म्हणाले. "चार वर्सं झाली, फवाऱ्याचा पंप हाती धरला नाई."

त्यांची गोष्ट सायरानं वाटेत सांगितली होती. बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेलं बियाणं; त्याच्या पिशवीत बिनबीटीची एक लहान पुडी वेगळी यायची. शेताच्या कडेनं लावा, असं त्यावर छापलेलं असायचं. लोक ती लावत नसत, फेकून देत. पुंजाजी गावभर फिरून त्या फेकलेल्या पुड्या गोळा करत आणि आख्खं शेत त्यांचंच पेरत. गावानं त्यांचं नाव 'पुडीवाले' पाडलं होतं.

मयुरी ओळीत शिरली. कापूस वेचता वेचता सवयीनं तिनं एक बंद बोंड फोडलं. आत गुलाबी अळी, सरकी खाल्लेली. ते अपेक्षितच होतं. त्या वर्षी ती कोणालाच सोडत नव्हती. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. मग ती शेजारच्या तुरीच्या ओळीपाशी गेली. तुरीच्या शेंगांवर हिरव्या अळ्या लोळत होत्या. ती परत कपाशीत आली, आणि खाली वाकून झाडामागून झाड पाहत राहिली.

हिरवी अळी तुरीवर होती, आणि हातभर अंतरावरच्या कपाशीवर एकही नव्हती. बोंडाला तिचं भोक नाही, विष्ठा नाही. न फवारलेल्या बिनबीटी कपाशीला ती असं सोडत नाही. गुलाबी अळीला बीटी पचायला लागली होती. हिरवीला अजून नाही.

मयुरीच्या हातातला कापूस तसाच राहिला. तिच्या पर्समध्ये, कालच्या कामातून उरलेल्या, बीटी तपासणीच्या पट्ट्या होत्या. त्या तिथं आहेत हे तिला आत्ता फार जड झालं. बोलायलाच हवं असं काही नव्हतं. साडी सुंदर होती.

"मयुरीताई," बांधावरून सायरा म्हणाली, "तुम्ही मघापासून कापूस नाही पाहून राह्यल्या. काय झालं?"

मयुरीनं सांगितलं. हळू, नेमकं, कोणाकडेही न बघता.

सायराचा चेहरा आधी समजला नाही असा झाला, मग लाल झाला. "हे शक्य नाही. पुंजाभाऊ माणूस कसा आहे मला माहीत आहे."

"माणसाबद्दल मी काही म्हटलं नाही, आपा."

"मग करा तुमची तपासणी. माझ्यासमोर करा."

"आणि बीटीच्या दोन रेघा आल्या तर?"

"नाही येणार."

मयुरीनं वेगवेगळ्या ओळींतली चार पानं घेतली. प्रत्येकाचा तुकडा लहान नळीत घालून थेंब टाकून चेचला आणि चार पट्ट्या उभ्या केल्या. वरची रेघ येणारच होती. ती पट्टी चालते एवढंच सांगते. खाली दुसरी उमटली तर बीटी. रुख्मिणी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून पाहत होती.

"काय वं, हे तं सूनबाईनं आणलं होतं तसंच दिसते," ती म्हणाली. "पऱ्हाटी गर्भार हाय का पाहून राह्यली का?"

कपाशीला गर्भार म्हटल्यावर अकरम तोंड फिरवून हसला. सायराही हसली, जरा मोठ्यानंच. पाणी पट्टीतून वर चढत गेलं.

पहिल्या पट्टीवर दोन रेघा आल्या. दुसरीवर दोन. तिसरीवर एकच राहिली, आणि सायरानं श्वास सोडला. चौथीवर पुन्हा दोन.

"मिसळ आहे," मयुरी म्हणाली. "काही झाडं बिनबीटी आहेत. बरीच नाहीत."

"म्हणजे म्या खोटा?" पुंजाजींनी विचारलं.

"नाही काका. पुडीतच मिसळ असणार. असे नमुने आमच्याकडे येतात."

"अवो, पण पुडीवर छापलेलं हाय! मोठ्या अक्षरात! छापील ते खोटं असते काय?"

"आपल्या लग्नाच्या पत्रिकेत छापलं होतं, नवरदेव बीए म्हणून," रुख्मिणी म्हणाली. "म्या काय केलं मंग? नांदलीच ना."

पुंजाजींना हसू आलं नाही. ते बांधावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "चार वर्सं लोकायनं मले हसलं," ते म्हणाले. "मले वाटे, हसू द्या, माही पऱ्हाटी साजरी हाय. फवारा न मारता हिरवी अळी येत नाई, तं म्या समजलो जमिनीले ताकद आली."

सायरानं तुरीच्या शेंगेवरची अळी वाकून पाहिली. मग वळली. "अकरम, कापूस भर. पुंजाभाऊ, भाव ठरला तोच. तुम्ही फवारलं नाही, हे तर खरं ना?"

"पोराची शपथ."

"बस मग."

परतीच्या वाटेवर मलकापूर जवळ येत होतं. सायरा एकदम म्हणाली, "उद्या सोमवारी पुण्याच्या दुकानात माल जायचा आहे. एवढा माल एका वेळी आम्ही कधी दिला नाही. दुकानवाल्या बाईंनी घेतला तो लेबल वाचून. गेला नाही तर तीनही मशिनी बंद ठेवाव्या लागतील, ताई. तुम्ही कोणाला सांगणार आहात का?"

"मी इथं गिऱ्हाईक म्हणून आले," मयुरी म्हणाली. "माझ्याकडून कुठंही जाणार नाही."

"आणि कापडावरून? कोणी तुमची ती पट्टी साडीला लावली तर?"

मयुरीला खोटं बोलता आलं नाही, आणि या वेळी खरं बोलणंच सायराला मोहात पाडणारं होतं. "काही दिसणार नाही. ते पानात असतं, सरकीत असतं. धुऊन कातलेल्या सुतात या पट्टीला काहीच सापडत नाही."

"म्हणजे आपल्या चौघा-पाचांशिवाय कोणालेच कळणार नाही."

"नाही."

अकरमनं बहिणीकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

माडीवर पोरी निघायच्या तयारीत होत्या. कोपऱ्यात सोमवारचा माल घड्या घालून रचलेला होता. सायरानं बुरखा खुंटीला लावला, खाली बसली आणि जे झालं ते त्यांना सांगून टाकलं. उमैमा आधी बोलली.

"पण आपा, आपण तं जाणूनबुजून नाही ना केलं."

"आजपर्यंत नाही केलं," सायरा म्हणाली. "उद्यापासून जाणूनबुजून होईल."

तिनं शिवण उसवायची सळई उचलली, वरचा कुडता ओढला आणि लेबलाचा पहिला टाका तोडला. मशिनीवरच्या दोन पोरी एकमेकींकडे बघून परत बसल्या. उमैमा मात्र उभीच होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि राग मयुरीवर होता.

"तुमचं बरं आहे मॅडम. आल्या, पानं कुटली, चालल्या."

"उमैमा!"

"बोलू द्या तिला," मयुरी म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

सायरानं साडी काढून मयुरीपुढं ठेवली. "तुम्ही मागितलं ते हे नाही. नाही घेतली तरी मी नाराज होणार नाही. खरंच."

मयुरीनं काठावरून बोट फिरवलं. तिनं काय मागितलं होतं? बिनबीटी हा शब्द तिनं लेबलावर वाचला होता. घरून निघताना तो तिच्या मनात नव्हताच. आईचे डोळे होते. रुख्मिणी मघाशी उघड्या हातांनी कापूस वेचत होती, त्याच हातानं पदर तोंडाला लावून हसत होती, आणि रात्री तेच हात भाकरी थापणार होते. त्या हातांना काही होणार नव्हतं. एवढं तिनं स्वतः पाहिलं होतं. त्यासाठी कुठलीही पट्टी लागली नव्हती.

"मला हवी आहे," ती म्हणाली. "पण लेबल लावून द्या. नवीन."

"काय लिहू?"

"जेवढं माहीत आहे तेवढंच."

सायरानं खडू घेऊन कापडाच्या तुकड्यावर लिहिलं: 'बिनफवारणी. वडनेर भोलजीच्या पुंजाजींच्या शेतातला कापूस.' मग हात थांबला. "बीटीचं लिहायचं का? नुसतं गाळलं तरी चालते ना?"

"चालतं," मयुरी म्हणाली. "पण ज्यांनी तो शब्द वाचून आधी कपडे घेतले, त्यांना काय वाटेल?"

"लिहा, 'बीटी मिसळ आहे'," एक पोरगी म्हणाली.

"मिसळ लिहिलं तं लोक पाव घेऊन येतील," उमैमा नाक पुसत म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. सगळ्याच हसल्या. शेवटी ठरलं ते साधं होतं: 'कपाशी काही बीटी, काही बिनबीटी.' दिसायला बेंगरूळ होतं. कोणताही दुकानदार असं लेबल आपणहून लावणार नाही, हे प्रत्येकीला कळत होतं.

"पेरणीआधी बी माझ्याकडे आणा," मयुरी म्हणाली. "पुड्या नकोत. गावरान मिळतंय का बघू. दर वर्षी तपासून देईन."

सायरानं मान हलवली आणि पुण्याला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, पोरींपासून काही लपवायचं नव्हतं.

पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अगं सायरा, हे मला कशाला सांगितलंस?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. खरोखरच कळत नव्हतं त्यांना. "कोण तपासणार होतं?"

"कोणीच नाही, मॅडम."

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाला सांगायचं होतं."

"सगळा माल मी आता नाही घेऊ शकत," त्या म्हणाल्या. "माझ्या गिऱ्हाइकांना समजावत बसावं लागेल. थोडे कुडते पाठव. त्या नव्या लेबलासकट. ठेवून बघते."

"थोडे म्हणजे?"

"थोडे गं. बघू."

फोन बंद झाला. सायरानं तो खाली ठेवला. अर्ध्याहून जास्त रास कोपऱ्यातच राहणार होती, आणि मशिनी किती दिवस चालतील ते तिला कोणी सांगू शकत नव्हतं. पोरी तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"काऊन बसल्या अशा?" ती म्हणाली. "थोडे म्हणाली ना? मग थोडे तं तयार करा. उमैमा, दोरा ओव."

उमैमानं दोरा ओवला. मग दुसरी सळई उचलून मयुरीपुढं धरली.

मयुरीनं साडीची पिशवी बाजूला ठेवली, पाय मोडून चटईवर बसली आणि राशीतला वरचा कुडता मांडीवर घेतला.

"हळू," उमैमा म्हणाली. "टाका तोडा, कापड नको."