जहांगीरभाईचे तीन प्रश्न

पैज लागली ती बेबाबाईच्या भाजीच्या गाडीपाशी, गिलकी निवडता निवडता.

प्रेमराज म्हणजे धुळ्यात देवपूरच्या त्या कॉलनीचा जुना उपद्रव. वय बावन्न, नोकरी एसटीच्या वर्कशॉपात, पण जीव सगळा खोड्यांत. एकदा त्यानं शेजारच्या जीवरामनानांना कोणाच्या तरी हळदीचं खोटं आवतण देऊन, नवं धोतर नेसवून, बंद मंगल कार्यालयापर्यंत पाठवलं होतं. नाना परत आले तेव्हा हा कॉलनीच्या गेटवर अक्षता घेऊन उभा.

त्याची थोरली बहीण सुंदरबाई साक्रीहून धुळ्याला राहायला येणार होती. अंगणवाडीत आयुष्य गेलेलं, नवरा राहिला नाही, मूलबाळ नाही, गुडघे पार गेलेले. तिला तळमजल्यावर दोन खोल्या हव्या होत्या. जे काय साठवलं होतं ते यातच जाणार होतं. पुन्हा साठवायचं वय राहिलं नव्हतं.

"अक्काचं घर मी घेऊन देतो," प्रेमराज म्हणाला. "दलालाची गरज नाही."

समोर जहांगीरभाई उभा होता. घरांच्या खरेदी-विक्रीत त्याची वीस वर्षं गेलेली.

"भाऊ, साइटवर जो तुम्हाला चहा पाजतो ना, तो विकणाऱ्याचा माणूस असतो," जहांगीरभाई म्हणाला. "घेणाऱ्याचा पण एक पाहिजे. मला न्या. अक्काकडून मी काही घेणार नाही. फक्त तीन प्रश्न विचारेन. नकाशात ही जागा काय म्हणून दाखवली, नळ कोणाच्या नावावर, आणि इतके दिवस विकली का नाही गेली."

"हे तर मी पण विचारीन."

"नाही विचारणार तुम्ही."

झालं. लागली पैज. जो हरेल त्यानं रविवारी सकाळी बेबाबाईची गाडी कॉलनीभर ढकलायची आणि तिच्या भोंग्यावर ओरडायचं, 'मला अक्कल नाही, घर घ्यायचं तर मला विचारू नका.' बेबाबाई म्हणाली, "गाडी न्या, पण टमाटे दाबू नका."

अक्काला पैज ठाऊक नव्हती. तिनं आपलं जहांगीरभाईलाच फोन करून सांगितलं, तुम्ही या बरं का बघायला. प्रेमराजच्या पोटात दुखलं. भाऊ असताना परका कशाला?

बघायच्या दिवशी सकाळी त्यानं जहांगीरभाईला फोन लावला. "जागा बदलली. नरडाण्याला स्टेशनसमोर या, आम्ही पुढं निघालो." आणि फोन बंद करून टाकला. मे महिना, आणि नरडाणा तीसेक किलोमीटर. जहांगीरभाई दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधून स्कूटरवर निघाला असेल, हे डोळ्यांसमोर आणून प्रेमराज रिक्षात एकटाच खिदळत होता. अक्कानं विचारलं, "काय झालं?" म्हणाला, "काही नाही, एक विनोद आठवला."

साइटवर दीपक नावाचा पोरगा होता, बिल्डरचा एजंट. बोलता बोलता निघालं की तो अक्काच्या सासरच्या गावचा. लगेच अक्काला काकू म्हणाला आणि प्रेमराजला मामा. वाकला पाया पडायला. प्रेमराजनं त्याला अर्ध्यातच धरलं. आपल्याकडं भाच्याला पाया पडू देत नाहीत, उलट मामानंच त्याला हात जोडायचे. आता ज्याला हात जोडले त्याला कागद दाखव कसं म्हणणार? ते तीन प्रश्न प्रेमराजच्या अगदी जिभेवर आले होते. चहासोबत गिळले त्यानं.

उलट सगळं सांगून बसला. अक्काला तळमजलाच पाहिजे, साक्रीची खोली महिनाअखेर सोडायचीय, ती किती देऊ शकते. भाचा मान डोलवत ऐकत होता. भाव एक पैसा कमी झाला नाही. त्याच दुपारी इसार दिला.

"जहांगीरभाई नही उना," अक्का म्हणाली.

"त्यांना वेळ नसंल," प्रेमराज म्हणाला.

जहांगीरभाईला त्यानं नंतर सांगितलं की दीपकनंच ऐनवेळी जागेचा घोळ घातला. जहांगीरभाईनं विश्वास ठेवला. शिवाय अक्काला शब्द दिला होता म्हणून महापालिकेत अर्ज करून त्या इमारतीचा मंजूर नकाशा काढला. नकाशा हातात पडेपर्यंत पंधरा दिवस गेले. तोवर अक्का खोली सोडून, कॉट-कपाट टेम्पोत टाकून, नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत म्हणून भावाच्या दारात आलेली.

जहांगीरभाईनं नकाशा तिच्या कॉटवरच पसरला. तळमजल्यावर खोल्या नव्हत्याच. सगळं पार्किंग. अक्का जिथं देव मांडणार होती तिथं मोटारीचं चित्र होतं.

प्रेमराजनं दीपकला फोन लावला. आवाज स्पीकरवर होता.

"मामा, मी बिल्डरचा माणूस. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं ना. तुम्ही कुठं विचारलं?"

इसार परत मिळणार का, यावर भाच्याला दुसरा फोन आला.

अक्कानं नकाशाची घडी घातली. मग जहांगीरभाईला म्हणाली, "मना भाऊले काही बोलू नका. त्याले बी फसाडं. आनि तुम्ही बिचारा त्या दिवशी उन्हात उभे राहिले. आपलं बठ्ठास्नं नशीबच खराब शे."

प्रेमराजला वाटलं, हिनं एक थोबाडीत द्यायला पाहिजे होती. रोज ती त्याच्याच घरात, आपल्या ताटातलं निम्मं त्याला वाढत होती, आणि त्याला वर मान करवत नव्हती.

रविवारी जहांगीरभाई म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, पैज विसरा."

"नाही," प्रेमराज म्हणाला. बेबाबाईची गाडी त्यानंच ओढून घेतली.

पोरं मागं लागली. बाया खिडक्यांत आल्या. जीवरामनाना तर खुर्ची घेऊनच बसले, म्हणाले, "नीट बघा, यात पण काहीतरी खोडी असंल याची." भोंग्यावर प्रेमराज म्हणाला, मला अक्कल नाही. लोक हसले. पुन्हा म्हणाला. आणखी हसले. पैज फिटली होती. गाडी परत द्यायची आणि घरी जायचं, एवढंच राहिलं होतं. बेबाबाईच्या नेहमीच्या जागी जहांगीरभाई उभा होता आणि त्याच्या शेजारी, कठड्याला धरून, अक्का.

प्रेमराजनं भोंग्याचं बटण पुन्हा दाबलं.

"जहांगीरभाईला नरडाण्याला मीच पाठवलं," तो म्हणाला. "दीपकनं नाही. मी. मजा म्हणून. ते आले असते तर अक्काचं घर बुडालं नसतं."

एकदोघं हसले आणि मधेच थांबले. जहांगीरभाईनं मान दुसरीकडं वळवली, हात आपोआप कंबरेच्या पट्ट्यावर गेला. अक्का प्रेमराजकडं बघत राहिली. लहानपणी त्याला कडेवर घेऊन शाळेत जायची, त्या नजरेनं नाही. अनोळखी माणसाकडं बघावं तसं.

"आखो एकदाव सांग," ती म्हणाली. "वरलासले ऐकू नही उनं."

प्रेमराजनं वरच्या खिडक्यांकडं तोंड केलं, भोंगा उचलला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगायला लागला.