तीनशे साठ पानं

डोकं — चाळीस

अंग सापडलं नाही तर पळसाच्या पानांचं माणूस करायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. किनाऱ्यावरच्या भटजींनी कुठल्या अवयवाला किती पानं ते सांगितलं आणि झुलालने ते बिडीच्या पाकिटावर उतरवून घेतलं. एकूण तीनशे साठ. उद्या सकाळी सातला या, पानं तुमची तुम्ही आणा.

पाचोऱ्याला बांधाबांधावर पळस. मुंबईत कुठे?

"राणीच्या बागेत बघा," भटजी म्हणाले. "तिथं जगातली झाडं आहेत."

मान — दहा

झुलाल-सुंदरबाईची उखर्डूच्या आधीची दोन पोरं गेली होती. म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर लोळवला आणि नावही तसलंच ठेवलं. कचरा समजून यमाने सोडून द्यावा. चोवीस वर्षं सोडला. सतरा दिवसांपूर्वी, मुंबईत तो कामाला होता ती मालाची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. नऊ जण होते. आठ सापडले.

छाती — वीस

हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. उखर्डूच्या बहिणीचं, सुनंदाचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. तिची एक सोयरीक आधीच मोडलेली. घरात मयत झालं असं कळलं तर हे लोकही वर्षभर थांबणारे नव्हते.

"मंग अग्नी लगीन झाल्यावर देऊत," झुलाल म्हणाला होता.

"नही." सुंदरबाईने दोन रात्री विचार केला होता. "मांडव पडना की पितरंले आवतन जास. त्याले अग्नी नही भेटना ते तो दारमा उभा राही. बहीणना लगीनमा. उपाशी."

"आनि सुतक?"

"ते पाप मना माथे."

बागेकडे चालताना, गावात काय सांगायचं ते तिने त्याच्याकडून पुन्हा घोकून घेतलं.

"उखर्डू काबर नही उना?"

"सुट्टी नही भेटनी."

"खाले काय दखतस? वर दख. थोडा हास."

"माले नही जमत."

"मंग मुका राह्य. मी सांगसू, बापना घसा बसेल शे."

पोट — वीस

सकाळपासून दोघांनी फक्त चहा घेतला होता.

कंबर — वीस

तिकीट काढून आत गेले. लोक हत्तीकडे चालले होते. हे दोघे उलट्या वाटेने, प्रत्येक झाडाच्या पाटीपाशी थांबत. कुठल्या कुठल्या देशांची झाडं. ताड दहा तऱ्हेचे. एका गोल वाफ्यात केळी लावलेली, नुसती शोभेला. एकीलाही घड नाही. झुलाल सवयीने खाली वाकला, बुडाशी बोट खुपसून ओल पाहिली.

"पानी जास्ती व्हयी राह्यनं," तो म्हणाला. सतरा दिवसांत पहिल्यांदा तो दुसऱ्या कशाबद्दल काही बोलला होता. सुंदरबाईने त्याला घाई केली नाही.

पळस भिंतीच्या कडेला होता. पानं जुनी, जाड, मळकट हिरवी.

हात — शंभर

झुलालने फांदी वाकवली तोच पाठीमागून आवाज आला.

"ओ काका! पानं तोडायची नाहीत. पाटी वाचता येत नाही?"

खाकी सदऱ्यातला माळी. हातात कोयता.

"चुकनं भाऊ," सुंदरबाई म्हणाली.

माळी थबकला. "कोठला शेतस तुम्ही?"

"पाचोराकडना."

"आरे! मी मगन. शिंदखेडाना." कोयता काखेत गेला. "पळसाले पानं तीनच, म्हनीसन मुंबईमा बी पळसपाशीच भेटनात! काय पाहिजे अक्का?"

"पत्रावळी लावन्या शेत. पोरगीनं लगीन शे." सुंदरबाई अडखळली नाही. आयुष्यभर तिने लग्नांच्या पत्रावळी याच पानांच्या लावल्या होत्या.

"मुंबईतून पानं नेतस? गावले पळस सरनात का?"

"पोऱ्याले भेटाले उनूत. म्हन्त, रिकामा हात काबर जावानं."

"पोरगी कोठे दिधी?"

तिने गाव सांगितलं. सांगायला नको होतं.

"मनी बहीण त्याच गावमा शे! परवा जाई राह्यनू मी. लगीनले मी बी येसू, आबा! तुमना पोऱ्या इठेच शे ना? त्याले संगे लयसू. पत्ता सांगा."

झुलाल पळसाकडे पाहत राहिला.

"त्याले सुट्टी नही," सुंदरबाई म्हणाली.

"बरं, पानं किती देऊ? बागवाले म्हनतीन, मगन्याने झाड बोडं करं."

प्रश्न झुलालला होता. झुलालला खोटं बोलता येत नव्हतं.

"तीनशे साठ," तो म्हणाला.

मांड्या — शंभर

मगनने कोयता काखेतून काढला. खाली ठेवला. त्याचाही मुलूख तोच. आकडा त्यालाही ठाऊक होता.

लांबून हत्तीपाशी हसणाऱ्या पोरांचा आवाज येत होता.

"कोन?" त्याने हळूच विचारलं.

"लगीन शे भाऊ," सुंदरबाई म्हणाली.

"हां." तो झाडाकडे वळला. "लगीन शे."

गुडघे — तीस

तो वर चढून देठासकट तोडत गेला. एकेका देठाला तीन पानं, असे एकशे वीस देठ. एकही फाटकं घेतलं नाही. सुंदरबाई खाली बसून रचत होती. झुलाल पाकिटावरचे आकडे पुन्हा पुन्हा जुळवत होता. उरलेली दहा कुठे लावायची, हे भटजींनी फक्त त्याच्या कानात सांगितलं होतं.

मोळी बांधून झाल्यावर मगन पुन्हा झाडावर चढला. आणखी पानं उतरवली. त्यांची वेगळी मोळी बांधली, निराळ्या रंगाच्या सुतळीने.

"ह्या पत्रावळीन्या," तो म्हणाला. "अक्का, दोन्ही मोळ्या मिसळू नका."

सुंदरबाईने मान हलवली.

"मी परवा जावाव नही. माले बी सुट्टी नही भेटनी," मगन म्हणाला आणि कोयता उचलून ताडांकडे निघून गेला. मागे वळून पाहिलं नाही.

पायाची बोटं — दहा

फाटकावर पहारेकऱ्याने काठी आडवी घातली. "हे काय चाललंय? बागेतली पानं? कशाला?"

सुंदरबाई तोंड उघडणार, तेवढ्यात झुलालने मान वर केली. सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आणि हसला. दात दिसले.

"पोरीचं लग्न आहे साहेब," तो म्हणाला. "तुम्ही पण या."

पहारेकरीही हसला. काठी बाजूला झाली.

सुंदरबाई बघत राहिली. तिला हवं होतं तसंच जमलं होतं त्याला. रस्त्यावर आल्यावरही त्याच्या चेहऱ्यावरून ते हसू जाईना. आता पुरे, असं तिने दोनदा सांगितलं.