विलासरावांचं हरीण

आमची उर्वी झाली ते २०१८ साल. लेकीच्या, निहारिकाच्या, बाळंतपणासाठी मी सिंदेवाहीहून ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आले होते. माझे व्याही विलासराव मूळचे पुण्याचे, पण आता मुलाकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे, कायमचे राहत होते. वय सत्तर. जन्मात एकदा तरी हरीण मारायचं, एवढीच त्यांची हौस. इथे हरणं शेतांची नासाडी करतात, म्हणून मारायला परवानगी मिळते. त्यांनी रीतसर परीक्षा देऊन बंदुकीचं लायसन काढलं होतं. पण मंगळवारी त्यांच्या छातीत पेसमेकर बसायचा होता, आणि त्यानंतर बंदुकीचा धक्का चालणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हातात उरला एकच रविवार.

"आई, तू बरोबर जा," निहारिका म्हणाली. "बाबा औषध घ्यायला विसरतात."

"शिकारीला विहीण घेऊन कोणी जातं का?" विलासराव कुरकुरले.

"डिंकाचे लाडूही येतायत," मी म्हणाले. त्यांनी डबा स्वतः गाडीत ठेवला.

जावई सिद्धार्थने गाडी घाटावर चढवली. त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं रान होतं, निलगिरीच्या उंच झाडांचं. आम्ही एका पडलेल्या खोडामागे बसलो. मी एकदाच विचारलं, "इथे अस्वल आहे का रे?"

"आई, या देशात रानात अस्वलच नाही. No worries."

तासाभराने हरीण आलं. चांगलं शिंगाळं. विलासरावांनी बंदूक खांद्याला लावली, श्वास रोखला.

तेवढ्यात आमच्या मागून आवाज आला. घर्रर्र, घर्रर्र! लाकूड कापायच्या गिरणीसारखा, आणि अगदी जवळून.

मी तीस वर्षं पहाटे आमच्या रानात मोहफुलं वेचली आहेत, आणि ती खायला अस्वलंही येतात. माझ्या चुलत सासऱ्याचा अर्धा गाल अस्वलाने नेला होता. त्या आवाजाला काय करायचं ते आम्हाला डोक्याने ठरवावं लागत नाही. मी उभी राहिले, टाळ्या पिटल्या आणि ओरडले, "हो हो हो! माणसं आहोत रे बाबा! तू तुझ्या वाटेनं जा!"

हरीण गेलं.

"विहीणबाई!"

"पळू नका. पाठ दाखवू नका. मागे मागे सरा!" मी लाडवांचा डबा अस्वलासाठी खाली ठेवला.

विलासराव बंदूकवाले, पण तेही सरायला लागले आणि खोडाला अडखळून बसले. सिद्धार्थने आधी त्यांच्या हातातली बंदूक काढून घेतली.

मग झाडावरून एक करडं ढुंगण खाली यायला लागलं. पाठोपाठ उशीएवढं बाकीचं जनावर. कानांत पांढरे केस, काळं चपटं नाक. कोआला! त्याने आमच्याकडे पाहिलं, मान वर करून पुन्हा तोच राक्षसी आवाज काढला, डबा हुंगला, नापसंत केला आणि शेजारच्या झाडावर चढलं.

सिद्धार्थ हसून हसून जमिनीवर बसला. विलासराव हसले नाहीत.

"पन्नास वर्षं वाट पाहिली हो मी."

"मी टाळ्या वाजवल्या म्हणून तर इतकी वर्षं जगले," मी म्हणाले. पण मला फार वाईट वाटत होतं.

आम्ही पुन्हा बसलो. कोआला दर दहा मिनिटांनी घोरायचा आणि माझे हात आपोआप उठायचे. शेवटी विलासरावांनी माझ्या एका हातात थर्मास दिला, दुसऱ्यात डबा. उन्हं कलताना हरीण परत आलं. बंदूक वर गेली. वरून घर्रर्र झालं. हात अडकलेले होते, पण तोंड मोकळं होतं.

"हो हो हो!"

परतताना गाडीत मी डबा उघडला. विलासरावांनी चार लाडू खाल्ले.

मंगळवारी ऑपरेशनला नेताना माझ्यासमोरच नर्सने त्यांना विचारलं, "वीकेंड कसा गेला?"

"रानात अस्वल आलं," विलासराव इंग्रजीत म्हणाले.

ती हसली. "ऑस्ट्रेलियात अस्वल?"

"तू आवाज ऐकायला हवा होतास. या बाई पुढे झाल्या, मी मागे सरलो." आणि मला मराठीत म्हणाले, "खोटं काही बोललो का, विहीणबाई?"

पेसमेकर बसला. बंदूक सिद्धार्थने विकून टाकली. हरीण राहिलं ते राहिलंच.

विलासराव १४ जून २०२३ रोजी सकाळी, वॉलॉंगॉंगच्या घरी वारले.